बदलले तेवढेच

पडद्यावर एक चौकट, चौकटीत एक आकडा, आणि तो आकडा बदलला की तेवढाच नव्याने रंगवायचा. मी लिहिलेल्या पहिल्या उपयोगी प्रोग्रामचे काम एवढेच होते. ते लिहिले तेव्हा मला चोपन्नावे वर्ष लागले होते. धुळ्याच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे भूगोल शिकवून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आणि ज्या वयात माणसे हरिपाठाकडे वळतात त्या वयात संगणकाच्या वर्गात नाव घातले. हे कुणी विचारल्याशिवाय मी सांगत नसे. विचारले तरी निम्मेच सांगत असे.

वर्ग संपल्यावर पिंप्राळ्यात, वह्या-पेनांच्या दुकानावरच्या मजल्यावर, चार माणसांच्या एका लहानशा कचेरीत मला काम मिळाले. कचेरीची प्रमुख वयाने माझ्या भाचीएवढी होती. ती मला मॅडम म्हणे आणि माझ्या चुका अगदी हसऱ्या चेहऱ्याने दाखवी. तिने माझ्याकडे दिलेले पहिले स्वतंत्र काम नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतले होते. तिथे केळी पिकवण्याचा एक कारखाना होता. शिरपूर-चोपड्याकडून कच्ची केळी यायची, बारा बंद चेंबरमध्ये रचली जायची आणि मोजक्या उबेत, मोजक्या वायूत चार दिवसांत पिवळी होऊन बाहेर पडायची. प्रत्येक चेंबरचे तापमान, ओलावा आणि वायू असे तीन आकडे एका स्क्रीनवर सतत दिसावेत, अशी मालकांची इच्छा होती. बारा त्रिक छत्तीस. छत्तीस चौकटी मी मोठ्या हौसेने आखल्या. आकडे देवनागरीत ठेवले, कारण ते पाहणाऱ्या बाईंना तेच वाचता येतात असे कळले होते.

त्या बाई म्हणजे अक्का. कारखान्यात सगळे त्यांना अक्काच म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा. पडदा कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आधीच तिथे बसवून दिला होता; मी पहिल्यांदा नरडाण्याला गेले तो थंडीचा महिना होता. पॅसेंजरच्या खिडकीतून धुके दिसत होते, धुक्यात कापसाची वेचून झालेली शेते होती आणि त्या शेतांतून चालणाऱ्या बायकांचे फक्त कमरेवरचे भाग दिसत होते, जणू कुणी त्यांचे पाय रंगवायचे विसरले असावे. पांझरेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा खालचे पाणीही दिसले नाही. आपण काय बोलायचे याची मी वाटभर मनात उजळणी करत होते. कारखान्यात पोचले आणि त्यातले एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही. अक्कांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. डाव्या हाताने त्यांनी डोळे झाकले होते आणि बोटांच्या फटीतून त्या माझ्या छत्तीस चौकटींकडे पाहत होत्या.

"तुम्हीच का हाई टीव्ही करनाऱ्या बाई?" त्यांनी विचारले. "हाई लुकलुक लुकलुक करस. मन्हं डोकं दुखस. सकायपासून दोन गोया खाई टाक्यात."

गोया म्हणजे गोळ्या. पडदा खरोखर लुकलुकत होता. आमच्या कचेरीतल्या दणकट संगणकावर जे चित्र स्थिर दिसले होते, ते इथल्या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर वाऱ्यातल्या दिव्यासारखे थरथरत होते. आकडा दिसे, अर्धा नाहीसा होई, पुन्हा दिसे.

कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते मागे येऊन उभे होते. चाळिशीचा, उतावळा पण वाईट नसलेला माणूस. ते मला म्हणाले, "मॅडम, स्पष्ट बोलतो. दोन पाळ्यांत दोन माणसं बसतात. दुसऱ्याला काही त्रास नाही, त्याचं वय पंचवीस आहे. अक्कांना जमलं तर ठीक. पंधरा दिवसांत नाही जमलं, तर त्यांना क्रेट धुवायच्या हौदावर पाठवावं लागेल. मला खुर्चीत स्क्रीन बघणारं माणूस पाहिजे."

भाऊ निघून गेल्यावर अक्कांनी मला सांगितले, अगदी शांतपणे, की त्या याच कारखान्यात हौदावरूनच आल्या होत्या. दिवसभर औषधाच्या पाण्यात हात. तिथून या खोलीत यायला त्यांना अकरा वर्षे लागली. स्क्रीन नव्हती तेव्हा त्या चेंबरच्या लोखंडी दाराला उलटा हात लावत, दाराच्या रबराशी नाक नेत आणि आत काय चालले आहे ते सांगत. दार उघडले तर वायू निघून जातो, म्हणून न उघडता ओळखायचे. "तवय कोनी म्हने ना, अक्काले दिसत नई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्यामुळेच मला परतीच्या गाडीत काहीच वाचता आले नाही.

ती लुकलुक का होती, हे मला सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले.

संगणकाचा पडदा आपल्या प्रोग्रामच्या मालकीचा नसतो. तो डिस्प्ले सर्व्हर नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रामच्या ताब्यात असतो. आपला प्रोग्राम हा त्याच्या दाराशी काम घेऊन आलेला क्लायंट. आपण आपल्या कागदावर चित्र काढायचे, तो कागद त्याच्या हाती द्यायचा, कागदाचा कोणता भाग बदलला आहे तेवढे सांगायचे आणि बाजूला उभे राहायचे. तो त्याच्या सवडीने ते चित्र पडद्यावर मांडतो आणि मग खूण करतो, की आता पुढचे आण. खूण येईपर्यंत थांबायचे. ही रीत प्रथम वाचली तेव्हा मला ती अनोळखी वाटली नव्हती. सभांमध्ये, लग्नघरांत, विभागाच्या बैठकींत मी आयुष्यभर अशीच वागत आले होते.

आणि तरी माझा प्रोग्राम मात्र तसा वागत नव्हता. तो अधीर होता. एक आकडा दशांशाने हलला तरी तो छत्तीसच्या छत्तीस चौकटी पुसून पुन्हा रंगवी. खुणेची वाट न पाहता रंगवी. आणि सर्वांत असभ्य गोष्ट म्हणजे, जो कागद सर्व्हरच्या हातात दिला आहे त्याच कागदावर तो अजून कुंचला फिरवत असे. दुबळ्या संगणकाला हे झेपत नव्हते आणि अक्कांना दिसे ते अर्धवट पुसलेले, अर्धवट रंगवलेले चित्र.

"मॅडम," आमची प्रमुख माझा प्रोग्राम वाचून म्हणाली, "एक कप विसळायचा आहे आणि तुम्ही अख्खी मांडणी घासताय. तेही सेकंदाला साठ वेळा."

"मला वाटलं, सगळं घासलं की सगळंच स्वच्छ राहील," मी म्हणाले.

"राहील की. पण पाहुण्याला चहा कधी मिळेल?"

त्यानंतरचे आठ दिवस मला आज स्वप्नासारखे आठवतात. पहाटे मी तलावाभोवती एक फेरी मारी. पाण्यावर काहीच घडत नसे, मग एखादा पाणकोंबडा उतरे आणि तेवढ्याच जागी वर्तुळे उठत. उरलेल्या तळ्याला त्याची वार्ताही नसे. मी उभी राहून पाहत राही आणि मला कचेरीला उशीर होई. मी दोन कागद केले: एक सर्व्हरच्या हाती, एक माझ्या. हाती दिलेल्या कागदाला तो परत येईपर्यंत हात लावायचा नाही. खूण आल्याशिवाय रंगवायचे नाही. शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे एकदाच सुबक काढून ठेवायचे आणि लागतील तसे त्यांच्या प्रती उचलायच्या. आणि मुख्य म्हणजे, जी चौकट बदलली तिच्यातला बदललेला तेवढाच तुकडा रंगवायचा, सर्व्हरला तेवढाच तुकडा दाखवायचा. प्रत्येक पायरीला संगणकाचा श्वास हलका होत गेला. अखेरच्या दिवशी त्या स्वस्त संगणकाला, आमची प्रमुख म्हणाली तसे, डुलकी काढायला वेळ मिळू लागला. पडदा इतका निवांत झाला की मीच त्याच्यासमोर बराच वेळ नुसती बसून राहिले. नकाशे काढत असताना शाई वाळण्याची वाट पाहावी, तसे ते बसणे होते.

पंधरापैकी अकराव्या दिवशी मी पुन्हा नरडाण्याला गेले, नवा प्रोग्राम घातला आणि अक्कांच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

अक्कांनी पडद्याकडे पाहिले. मग डोळ्यांवरचा हात काढला. मग पुढे वाकल्या. बराच वेळ झाला.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हाई मरी गयं का काय?"

"नाही अक्का. चालू आहे."

"मंग हालत का नई?"

मी समजावले की बदलण्यासारखे काही नसले तर ते हलणार नाही. त्यांना ते पटले नाही. त्यांनी बोटाने पडद्यावर टकटक केली, जशी आपण झोपलेल्या माणसाच्या खाटेवर करतो. तेवढ्यात सात नंबरच्या चेंबरचा ओलावा ९१ वरून ९२ झाला. फक्त एकाचा दोन झाला, बाकी सारा पडदा जागच्या जागी. अक्का खुदकन हसल्या. "जित्ता शे!" त्यांनी जाहीर केले. दुपारपर्यंत त्यांनी एकही गोळी घेतली नाही. जेवणाच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा त्यांनी मला बळेच वाढला, आणि मी मनाशी म्हणाले की झाले, खुर्ची वाचली.

जेवण झाल्यावर भाऊ फेरीवर आले. कारखान्याचा नियम भिंतीवर चिकटवलेला होता: तापमान साडेअठराच्या वर गेले, की पाळीवरच्या माणसाने लगेच जादा थंडावा सुरू करायचा. भाऊंनी पडद्यावर नजर टाकली आणि ते थांबले. चार नंबरच्या चौकटीत १८.८ होते.

"अक्का, चार नंबर बघितला का?"

"दखा मी."

"मग थंडावा?"

अक्का उठल्या, खोलीबाहेर गेल्या. काचेतून मला दिसत होते. त्यांनी चार नंबरच्या दाराला उलटा हात लावला, मग पाचच्या, मग पुन्हा चारच्या. दाराच्या कडेशी वाकल्या, डोळे मिटले. परत येऊन त्या खुर्चीत बसल्या.

"चार नंबर बराबर शे, भाऊ. पाच नंबर जसा शे तसाच शे. हाई टीव्ही खोटं बोलस."

पाच नंबरच्या चौकटीत १८ होते.

"अक्का," भाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकला होता. "हाताला पॉइंट आठ कळतो का? मागच्या आठवड्यात म्हणालात, लुकलुकतं म्हणून दिसत नाही. आता स्थिर झालं, तर म्हणता खोटं बोलतं. मी यंत्र कशाला बसवलं मग?"

"तुम्ही सांगा तर बटन दाबस मी. पन चार नंबर बराबर शे."

मी पडद्याकडे पाहत होते. त्या १८.८ मध्ये मला काहीतरी खुपत होते आणि ते काय, हे कळायला मला चार-पाच श्वास लागले. शेवटच्या .८ ची डावी कड किंचित खाल्लेली होती, नखाने खरवडल्यासारखी. आणि मग मला सगळेच एकदम दिसले.

आधी तिथे १७.८ होते. मग तापमान अठरा झाले. नेमके अठरा असेल तेव्हा दशांश चिन्ह आणि शून्य लिहायचे नाही, नुसते १८ लिहायचे, हे मीच ठरवले होते, दिसायला नेटके म्हणून. नवा आकडा लिहिण्याआधी मी त्याच्याएवढीच जागा पुसत होते. १८ एवढी. जुन्या आकड्याची शेपटी, तो .८, तिच्या पलीकडे होता. त्याला कुणी पुसले नव्हते. पूर्वीचा अधीर प्रोग्राम सगळेच पुसत असल्याने ही चूक त्याच्याकडून होणेच शक्य नव्हते. ती माझ्या काटकसरीतून आली होती. आणि चेंबरचे तापमान अठरावर स्थिर असल्याने पुढे काही बदलत नव्हते, म्हणून ती शेपटी तशीच, शांतपणे, खरी असल्यासारखी तिथे बसून होती.

सव्वीस वर्षे मी मुलांना सांगत आले होते की ट्रेसिंग कागदावर नदीचा प्रवाह दुरुस्त करायचा असेल तर आधी ब्लेडने जुनी रेघ पूर्ण खरवडा, जिथे जिथे ती होती तिथे तिथे. नवी रेघ कुठे जाणार आहे ते नंतर. कितीतरी वह्यांत मी लाल शाईने हे लिहिले असेल.

आता जे सांगायचे ते सांगायला मला आजही जड जाते. मी गप्प बसले. फार वेळ नाही, पण बसले. माझ्या डोक्यात असे आले की थोड्या वेळाने तापमान १८.२ होईल, पूर्ण आकडा पुन्हा लिहिला जाईल, शेपटी आपोआप झाकली जाईल. मी रात्रीत दुरुस्ती करून पाठवीन आणि कुणालाच काही कळणार नाही. माझे पहिलेच काम होते. कचेरीचे नाव होते. एवढ्या उशिरा शिकायला निघालेल्या बाईची चूक झाली, हे वाक्य भाऊंच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नव्हती. वर्गात शिकवतानासुद्धा मी मुलांकडे न पाहता नकाशाकडे पाहून बोलत असे.

भाऊ म्हणाले, "उद्यापासून हौदावर बघू. वाईट वाटून घेऊ नका, अक्का."

अक्कांनी मान हलवली आणि थंडाव्याच्या बटणाकडे हात नेला.

"दाबू नका," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. दोघांनी माझ्याकडे पाहिले आणि मी नेहमीप्रमाणे खाली पाहू लागले, मग मुद्दाम वर पाहिले.

"भाऊ, चूक अक्कांची नाही. पडद्याची आहे. म्हणजे माझी आहे. तो पॉइंट आठ जुना आहे. पुसायचा राहिला."

"राहिला म्हणजे?"

"मी पुसलाच नाही. एक मिनिट द्या."

मी कळफलकावरची एक कळ दाबली, जिने सगळा पडदा मुळापासून नव्याने रंगवला जातो. तपासणीसाठी मी ती ठेवली होती. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि छत्तीस चौकटी पुन्हा उमटल्या. चार नंबरच्या चौकटीत १८ होते.

बाहेर हौदावर क्रेट आपटल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे माझ्या यंत्राला कळलं नाही आणि हाताला कळलं," भाऊ शेवटी म्हणाले.

"यंत्राला कळलं होतं. मी लिहिलेल्या पडद्याला सांगता आलं नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा, मॅडम." ते खरोखरच रागावले होते आणि रागावण्याचा त्यांना हक्क होता. "मी आज थंडावा सोडला असता, तर कच्ची केळी आखडली असती. चार दिवसांनी माल काढला असता तर काळपट निघाला असता. आणि दोष दिला असता अक्कांना."

"हो," मी म्हणाले.

"बठ्ठाच चुकतस," अक्का म्हणाल्या; सगळेच चुकतात. "भाऊ, तुम्ही पहिले बांधेल चेंबर आठवस का? दार बाहेरून उघडेच ना!" भाऊंना हसायचे नव्हते, पण ते हसले.

दुरुस्ती चार ओळींची होती. जुना आकडा जेवढी जागा व्यापत होता आणि नवा जेवढी व्यापणार आहे, त्या दोन्ही मिळून जी मोठी चौकट होते ती आधी पुसायची, मगच लिहायचे, आणि सर्व्हरलाही तीच मोठी चौकट बदलली म्हणून कळवायची. मी ती तिथेच, अक्कांच्या शेजारच्या स्टुलावर बसून लिहिली. मग तापमान खरोखर बदलेपर्यंत आम्ही दोघी पाहत बसलो. उन्हे कलली, काचेवर पिवळी झाली. चार नंबर १८ वरून १७.८ झाला, बऱ्याच वेळाने पुन्हा १८. मागे काहीही उरले नाही. प्रत्येक बदलाला अक्का "गया" म्हणत आणि मी मनात म्हणे.

निघताना मी त्यांना विचारले, या पडद्यावर तुम्हाला आणखी काय हवे. मला वाटले, आकडे मोठे हवे म्हणतील.

त्यांनी पडद्याकडे बोट केले. मग म्हणाल्या, "तो माले सांगस. मी त्याले कसं सांगू?"

ते काम मी पुढच्या चार दिवसांत केले. प्रत्येक चेंबरच्या चौकटीखाली एक लहानसे बटण. आकडा नियमाबाहेर गेला की ते उजळते. अक्का जाऊन येतात, आणि दाराला हात लावून, वास घेऊन खात्री केल्यावरच त्या ते दाबतात, आणि ते दाबल्याशिवाय जादा थंडावा सुरू होत नाही. भाऊंना ही कल्पना मी फोनवर सांगितली, कागदावर लिहून घेतलेली वाक्ये वाचत. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे अक्का पाहिजेतच."

"दोन्ही पाळ्यांना कुणीतरी हात लावणारं पाहिजे," मी म्हणाले. "दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्याच शिकवतील."

भाऊ म्हणाले, "बरं. हौदावर मी दुसरं माणूस बघतो."

बटणावर काय लिहायचे याबद्दल आमच्या कचेरीत थोडा वाद झाला. "तपासले" हा शब्द नियमाला धरून होता. मी मात्र अक्कांनाच फोन लावला आणि त्यांनी जे सांगितले तेच लिहिले: दखी लिधं. पाहून घेतले.

पंधराव्या दिवशी मी त्या खोलीत होते. नऊ नंबरचे तापमान १८.६ झाले, या वेळी खरेच, आणि बटण उजळले. अक्का सावकाश उठल्या. जाऊन आल्या. "हाई खरं शे," त्या म्हणाल्या आणि बोट टेकवले. तेवढीच चौकट रंगली, आणि पलीकडे कुठेतरी पंखे सुरू झाल्याचा आवाज आला.